भोपळ्याच्या बीअरवरची साय

८ सप्टेंबर, रविवार. तळघर ६६ अंश फॅरनहाइट. घनता १.०६०.

यंदाची बीअर घातली. सकाळी सहाला ओव्हन पेटवला. सात लहान भोपळे फोडले, बिया काढल्या, आतून ब्राऊन शुगर चोळून काळपट होईस्तोवर भाजले. गर माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाबरोबर, गरम पाण्यात तासभर मुरवला, मग गाळून हॉप्सच्या कडू फुलांबरोबर उकळला. शेवटच्या पाच मिनिटांत दालचिनी, जायफळ आणि दोनच लवंगा. तिसरी लवंग पडली की बीअरला दातांच्या दवाखान्याचा वास येतो. ऑर्विल स्टॅकपोल चार घालतो.

ऑर्विलचं आणि माझं विळ्याभोपळ्याचं सख्य. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी अग्निशामक केंद्रात गावजेवण असतं. तिथे सात-आठ जणांच्या भोपळ्याच्या बीअरची पिंपं मांडतात आणि ज्याची आवडली त्याच्या बरणीत प्रत्येकाने एक वाल टाकायचा. तेरा वर्षांत नऊ वेळा माझी बरणी भरली. गेल्या वर्षी ऑर्विल चार वालांनी जिंकला. वाल त्याच्या मेहुणीने मोजले होते. मी काही म्हणत नाही, फक्त लिहून ठेवतो.

दुपारी बादलीला झाकण लावत होतो तेव्हा डार्सी तळघराच्या दारात येऊन उभी राहिली. सातवा महिना लागलाय तिला. म्हणाली, "डॅड, यंदा बीअर ऑर्विलच्या गॅरेजमध्ये ठेवली तर?"

"ऑर्विलच्या? का?"

"मला वासाने मळमळतं."

काल हीच मुलगी दोन वाट्या माशांचं सूप प्यायली. मळमळलं नाही. पाणी कुठेतरी मुरतंय.

११ सप्टेंबर, बुधवार. तळघर ६८ अंश. घनता १.०३८.

जोरदार फसफसतेय. साखरेची दारू होत जाते तसा घनतेचा आकडा उतरतो, म्हणून मी तो रोज बघतो. चौतीस वर्षं राज्याचे पूल तपासले. वरून ठणठणीत दिसणारी गोष्टच जास्त खोटं बोलते हे मला कुणी शिकवायला नको.

नमुना काढायला टर्कीवर रस्सा सोडायची पिचकारी वापरतो, रबरी फुगा असलेली. माझी बायको मर्लीन घर सोडून गेली तेव्हा मागे ठेवलेली तेवढी एकच कामाची वस्तू. नमुना उंच नळीत ओतायचा, काचेचा काटा तरंगवायचा, आकडा वाचायचा, एक घोट चाखायचा आणि उरलेलं परत बादलीत. आमच्या बीअर बनवणाऱ्यांच्या क्लबातली पोरं नमुना मोरीत ओततात. माझी आई चहाची एक पिशवी दोनदा वापरायची. आमच्याकडे काही मोरीत जात नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार. घनता १.०२१.

जेवताना गेल्या वर्षीची शेवटची बाटली फोडली. जावयाला विचारलं. "नको, मिस्टर ट्रेडवेल. मला पाणी चालेल." ऑगस्टमध्ये इथे राहायला आल्यापासून हेच चाललंय. त्यांचं भाड्याचं घर मालकाने विकलं, नवं डिसेंबरात मिळणार, बाळ नोव्हेंबरच्या शेवटी. तोवर राहा म्हणालो. डार्सी एकुलती एक आहे आणि वरच्या दोन खोल्या सहा वर्षं बंद होत्या. घरात चालण्याचे आवाज येतात ते मला आवडतं, हे इथे लिहायला हरकत नाही.

पण जो माणूस बीअरला नाही म्हणतो आणि का ते सांगत नाही, त्याच्या पोटात काहीतरी असतं. रेमी थिबोडो. हात मोठे, बोलणं कमी. पहाटे चारला डेअरीत जातो, तिथल्या दुधाच्या टाक्या आणि नळ धुवायचं काम करतो, तीनला परत येतो. मग चारच्या सुमाराला गायब. घरात असतो पण दिसत नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार. तळघर ६५ अंश. घनता १.०१६.

पिचकारी ओट्यावर वाळत ठेवली होती. रेमीने ती उचलली, उजेडात धरली आणि म्हणाला, "याने नमुना काढता?"

"का?"

"हा फुगा आतून धुतला जात नाही. आमच्या डेअरीत असली वस्तू गेटच्या आत येऊ देत नाहीत."

"मी उकळत्या पाण्याने धुतो."

"नळी धुता. फुगा नाही धुतला जात." आणि खांदे उडवून वर गेला.

याला कसं कळलं मी पिचकारी कशाला वापरतो? मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे माझ्यामागे तळघरात जाऊन बघितलंय.

२१ सप्टेंबर, शनिवार. तळघर ६४ अंश. घनता १.०१४.

झाकण उघडलं आणि हात तिथेच थांबला. बीअरवर थर आलाय. दुधावर साय धरते तसा पांढुरका, सुरकुतलेला. मधेमधे फुगे आलेत, पण ते फुटत नाहीत, सायीखालीच अडकून बसलेत. बोटभर रुंद आणि हातभर लांब एक भेग आहे, तिच्या कडा गोठलेल्या.

एकेक शक्यता तपासली. यीस्टचा फेस? तो तपकिरी असतो, केव्हाच खाली बसला. भोपळ्याचा गर? तो तळाशी जातो. भोपळ्याचं तेल? कागदाचा तुकडा टेकवून पाहिला, डाग पडला नाही. बुरशी? तिला लव असते, हिरवट निळी. याला लव नाही. घोट घेतला. बीअर चांगली आहे, जरा टोकाला आंबूस. उरलेली परत ओतली.

सव्वीस वर्षांत माझ्या बीअरवर असलं काही आलेलं नाही. सव्वीस वर्षांत माझ्या तळघरात माझ्याशिवाय कुणी जातही नव्हतं. मर्लीनला तिथल्या कोळ्यांची भीती वाटायची.

२२ सप्टेंबर, रविवार.

बादलीच्या बाहेरून पेन्सिलीने पातळीची खूण केली. कशाला ते लिहायची गरज नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार. घनता १.०१३ (सकाळी), १.०१३ (संध्याकाळी).

आता दिवसातून दोनदा बघतो. साय जाड होतेय. डहुळली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरते.

आज चार वाजता स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. गरम हवेची जाळी फरशीतच आहे, तिच्यातून तळघरातलं बोलणं वर येतं. रेमी फोनवर होता. जाळीपाशी गुडघे टेकले. बटाटा पडला होता, तो शोधत होतो.

"नाही, आजही हात लावला नाही," तो हळू आवाजात सांगत होता. "हो, अगदी समोर आहे. दहा पावलांवर... वास येतो ना. जायफळाचा. झोपेतही येतो... माहीत आहे. माहीत आहे मला... आज चारशे अकरा."

चारशे अकरा! कसला आकडा हा? घनतेचा नाही, पण आकडा आहे. पलीकडून कुणीतरी त्याला सूचना देतंय आणि हा बातम्या पुरवतोय. ऑर्विलच्या पशुखाद्याच्या दुकानात डेअरीवाल्यांची ये-जा असते. दोन अधिक दोन मला करता येतात.

२५ सप्टेंबर, बुधवार.

चार वाजता पुन्हा जाळीपाशी. "चारशे बारा." रोज एक वाढतोय. चोर मोजतोय तरी काय?

२६ सप्टेंबर, गुरुवार. घनता १.०१३.

क्लब ऑर्विलच्याच दुकानाच्या मागच्या खोलीत भरतो, कोंबड्यांच्या दाण्याच्या पोत्यांमध्ये. सायीचा फोटो दाखवायला नको होता, पण दाखवला. त्याचा चेहरा बघायचा होता मला.

ऑर्विलने चष्मा कपाळावर नेला. "अरे लायल, ही तर रानटी जातीची साय. कुठूनतरी परकं यीस्ट शिरलंय, किंवा दह्याचा जंतू. हवा मिळाली की ते वर असं पांघरूण ओढतं."

"कुठून शिरलं?"

"कुठूनही. फुटकी नळी, ओरखडलेली बादली, नमुन्याचं काही भांडं. घाबरू नकोस, खालची बीअर बऱ्याचदा शाबूत असते. फक्त एक कर. झाकण उघडू नकोस. तीन आठवडे बघूसुद्धा नकोस. हवाच खायला घालतोयस तू तिला."

"बघू नको?"

"अजिबात नको. किती वेळा उघडतोस?"

"अधूनमधून."

"लायल."

"दोनदा. दिवसाला."

सगळे हसले. ऑर्विल म्हणाला, "अरे, बीअर आहे ती, तुझी बायको नव्हे." आणि मग चष्मा पुसत बसला. कुणीतरी शेंगदाण्यांची वाटी पुढे सरकवली.

घरी येताना गाडीत तेच डोक्यात. "बघूसुद्धा नकोस." मी काय बघू नये असं वाटतंय त्याला? घरी पोहोचल्यावर कोटही न काढता खाली गेलो आणि झाकण उघडलं.

२८ सप्टेंबर, शनिवार. घनता १.०१२.

पातळी खुणेच्या खाली गेलीय. पेन्सिलीची रेघ वर, बीअर खाली, मधे अर्ध्या बोटाचं अंतर. बादली गळत नाही, जमीन कोरडी आहे. म्हणजे कुणीतरी पितंय! नळी घालून नाहीतर पेला बुडवून, आणि त्याच नळीबरोबर घाण आत गेली. म्हणून जेवताना "मला पाणी चालेल".

झाकण आणि बादली यांच्यावर चिकटपट्टी लावली, तिच्यावर माझी सही.

३० सप्टेंबर, सोमवार. घनता १.०१२.

चिकटपट्टी जशीच्या तशी. सहीसुद्धा. आणि तरी पातळी आणखी खाली. पट्टी न फाडता काढायची हातोटी आहे त्याच्याकडे. डेअरीत शिकला असेल.

नमुना घ्यायला मीच पट्टी काढली, मग नवी लावली.

२ ऑक्टोबर, बुधवार. तळघर ६३ अंश. घनता १.०१२.

काल जिन्यापासून बादलीपर्यंत पीठ भुरभुरवलं होतं. आज तपासलं. रेमीच्या सपाता तिसऱ्या पायरीपर्यंत उतरल्यात, तिथे बसल्याची खूण आहे, आणि तिथूनच परत वर. बादलीजवळ फक्त माझे बूट.

बराच वेळ विचार केला. उत्तर एकच निघतं. माझे बूट घालून गेला.

५ ऑक्टोबर, शनिवार.

आज विचारलं. आमच्याकडे शनिवारी दुपारी भाजलेले घेवडे आणि तपकिरी पाव असतो. ताटं वाढून झाल्यावर मी वही आणली, चिकटपट्ट्या मांडल्या आणि म्हणालो, "रेमी, सरळ विचारतो. किती प्यायलास?"

"काय?"

"माझी बीअर. बोटभर उतरलीय. नळीने प्यायलास की पेल्याने?"

डार्सीने पाव खाली ठेवला. रेमीचा चेहरा पांढरा पडला, मग मानेपासून वर लाल होत गेला. मी मनात म्हटलं, सापडला.

"मी तिला हात लावलेला नाही, मिस्टर ट्रेडवेल," तो म्हणाला. नॅपकिनची घडी घातली, उठला आणि मागच्या दाराने बाहेर गेला. दार आपटलं नाही त्याने. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"डॅड, तू कुणाला काय विचारलंस ते कळतंय का तुला?"

"चोराला चोरी विचारली."

"चारशे बावीस दिवस," डार्सी म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता, मर्लीनचा जायचा तसा. "दारू सोडून आज चारशे बावीस दिवस झालेत त्याला. रोज चार वाजता तो त्याच्या माणसाला फोन करतो. पाच वर्षांपूर्वी दारू सोडलेला माणूस आहे, तो याला धीर देतो. पायरीवर बसून, समोर ती बादली, आणि सांगतो, आजही नाही. वर तू असतोस म्हणून तिथे बसतो. घरात तेवढीच एक जागा आहे जिथे तुझे कान पोहोचत नाहीत असं वाटलं त्याला."

मी जाळीकडे बघितलं नाही.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ही चिकटपट्टी तू पहिल्याच दिवशी लावली असतीस."

लावलीच असती.

"मम्मीच्या गाडीचे मैल लिहून ठेवायचास ना, अशाच वहीत? रोज अडतीस मैल जास्त. तुला वाटायचं कुणीतरी आहे. तळ्यापर्यंत जायची ती, डॅड. एकोणीस जायचे, एकोणीस यायचे. गाडी लावून काठावर एकटी बसायची. बस्स, एवढंच. मला तिने लग्नाच्या दिवशी सांगितलं."

घेवडे तसेच राहिले.

६ ऑक्टोबर, रविवार.

ते गेले. रेमीच्या आईकडे, दोन तासांवर, एका खोलीत. गाडीत सामान भरायला मी हात पुढे केला तर रेमी म्हणाला, "राहू द्या, जमेल मला." डार्सीने पट्टा पोटाखालून बांधला आणि समोर बघत राहिली. बाळ झाल्यावर कळवाल ना, असं विचारणार होतो. गाडी वळली.

बीअर मागच्या अंगणात ओतली. पाच गॅलन. साय गवतावर पडून राहिली, चुरगळलेल्या प्लास्टिकसारखी.

त्याला मी दुखावलं हे खरं. तो पीत नव्हता म्हणतात तेही खरं असेल. पण मग साय आली कुठून? पातळी कशी उतरली? चारशे दिवस सोडली म्हणून चारशे एकाव्या दिवशी मोह होत नाही असं थोडंच आहे. हे मी कुणाला बोलून दाखवणार नाही. इथे लिहितो, कारण इथे खरं लिहायचं ठरवलंय.

७ ऑक्टोबर, सोमवार. तळघर ६४ अंश. घनता १.०६१.

दुसरी बीअर घातली. यंदा चूक राहायला जागा नाही. नवी बादली, नवं झाकण, आतला वायू बाहेर सोडणारा नवा एअरलॉक, नव्या नळ्या. बादलीवर पेन्सिलीची रेघही पहिल्याच दिवशी. तळघराच्या दाराला नवं कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. पिंप भरायला वेळ कमी आहे, पण जेवणापर्यंत होईल. आता घरात कुणी नाही. आता कळेलच.

१० ऑक्टोबर, गुरुवार. घनता १.०३५.

छान फसफसतेय. रोज एक घोट. क्लबात गेलो नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार. घनता १.०१८.

वरच्या खोलीत डार्सीचा एक मोजा सापडला, पलंगाखाली. धुवून ठेवला. फोन केला, उचलला नाही.

चार वाजले की मी अजून जाळीकडे बघतो. खाली हवा गरम करणाऱ्या भट्टीचा आवाज येतो तेवढाच.

१९ ऑक्टोबर, शनिवार. तळघर ६० अंश. घनता १.०१४.

स्वच्छ. काळीभोर, नितळ, वर काही नाही. दिवसातून दोनदा बघतोय, काही नाही. म्हणजे मी म्हणत होतो तेच. आनंद व्हायला हवा होता. डबाबंद सूप गरम करून उभ्यानेच प्यायलो.

२४ ऑक्टोबर, गुरुवार. तळघर ५९ अंश. घनता १.०१३.

साय आली आहे.

तशीच. पांढुरकी, सुरकुतलेली, खाली अडकलेले फुगे. पेन्सिलीची रेघ वर, बीअर खाली, अर्ध्या बोटाचं अंतर. कुलूप शाबूत. किल्ली गळ्यात. खिडकीची जाळी तपासली, गंजलेले खिळे जागच्या जागी.

घरात फक्त मी आहे.

जिन्यावर बसलो. तिसऱ्या पायरीवर बसलो होतो हे उठताना लक्षात आलं. तिथून बादली खरोखरच अगदी समोर दिसते.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार.

सकाळी वही पहिल्यापासून वाचली. पुलाचा अहवाल तपासायचो तशी, हातात पेन्सिल घेऊन. एक घोट चाखला. एक घोट. एक घोट. दोनदा. परत ओतलं. परत ओतलं. घोटांची बेरीज केली, वाट्यांत मांडली, बादलीचा घेर काढला. पहिल्या बादलीचं एक बोट, दुसरीचं अर्धं, बरोबर भरलं.

मग सतरा सप्टेंबरचं पान आलं.

पिचकारीचा फुगा ओढून काढला आणि भाजीच्या सुरीने उभा चिरला. आत पिवळी, घट्ट झालेली टर्कीची चरबी, किती वर्षांची कोण जाणे, आणि तिच्यावर पांढुरका, सुरकुतलेला थर. ओळखायला वेळ लागला नाही. नळी रोज उकळत्या पाण्याने धुतली. फुगा कधीच धुतला गेला नाही. रोज दोन वेळा त्याच फुग्याने मी बीअर ओढली, आणि मोरीत टाकायला जीव होईना म्हणून परत आत सोडली. वर झाकण उघडून हवा घातली. चोर पकडायला जितक्या जास्त वेळा उघडलं, तितकी साय जाड.

चौतीस वर्षं मी पुलांच्या सांध्यात बॅटरी घालून बघितलं. वरचा रंग बघू नका, सांधा उघडा, पाणी आत मुरतं, हे शिकाऊ पोरांना सांगून सांगून घसा कोरडा केला. आणि स्वतःच्या हातातला सांधा कधी उघडला नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, तेही ठीक होतं. पण मी या वळशात पोटुशा मुलीला घराबाहेर काढलं.

मर्लीनच्या गाडीच्या मैलांची वही अजून माळ्यावर आहे. ती काढली नाही. त्यात काय आहे ते मला माहीत आहे.

२६ ऑक्टोबर, शनिवार. तळघर ५८ अंश. ४४३.

सकाळी बीअर ओतून दिली. मग भांडी, शेगडी, नळ्या, दोन्ही बादल्या, हॉप्सची पाकिटं, सगळं गाडीत भरून ऑर्विलच्या दुकानात नेलं. तळघर झाडलं, खिडक्या उघड्या टाकल्या. जायफळाचा वास भिंतींत असतो, जाईल हळूहळू.

ऑर्विल दारात येऊन सामानाकडे बघत राहिला. "लायल, दुखणं आलंय का तुला?"

"ठेवून घे. विकलंस तरी चालेल."

"आणि आज रात्री? तुझी बरणी मांडलीय तिकडे."

"रिकामी राहू दे." मग मी त्याला सांगितलं. पिचकारी, फुगा, जावई, सगळं. गेल्या वर्षी वाल त्याच्या मेहुणीने मोजले म्हणून मनात काय होतं तेही सांगितलं.

तो चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "ती शिक्षिका होती रे, बत्तीस वर्षं. तीन वेळा मोजले होते, तुझ्यासाठी." नंतर म्हणाला, "फोन केलास का पोरीला?"

"उचलत नाही."

"मग त्याला कर की, गाढवा."

हे मला सुचलं नव्हतं. रेमीचा नंबर माझ्याकडे नव्हता. दोन महिने एका छपराखाली राहिला आणि नंबर नव्हता. ऑर्विलने डेअरीत विचारून मिळवला.

चारच्या आधी केला, म्हणजे त्याच्या फोनच्या वेळेत अडथळा नको. त्याने उचलला. मागे टीव्ही चालू होता आणि त्याची आई फ्रेंचमध्ये कुणालातरी झापत होती.

"दुसऱ्या बादलीवरही साय आली," मी म्हणालो. सुरुवात कशी करायची ते ठरवलं होतं, पण तोंडातून हेच निघालं.

"बरं. घरात कोण होतं?"

"मी."

तो हसला नाही. हसायला हरकत नव्हती.

"फुगा?" त्याने विचारलं.

"कापून बघितला."

"आत होतं?"

"होतं. तू सतरा सप्टेंबरला सांगितलं होतंस. मी लिहूनही ठेवलंय. रेमी, मी तुझ्यावर चोरीचा आळ घेतला. माझ्या मुलीसमोर. मी जाळीला कान लावून तुझे फोन ऐकले. मला लाज वाटते. माफ कर म्हणत नाही, तुला जमलं तर बघ."

टीव्हीचा आवाज कमी झाला. बहुतेक तो दुसऱ्या खोलीत गेला, म्हणजे एकच खोली आहे ना तिथे, जिन्यात गेला असेल.

"मिस्टर ट्रेडवेल," तो म्हणाला, "तुमच्याकडे राहायला आलो त्या दिवशी मला वाटलं होतं, इथे मी आठवडाभर टिकणार नाही. टिकलो. तुम्ही विचारलंत त्या दिवशी मात्र... त्या दिवशी बाहेर पडून मी गाडीने दारूच्या दुकानापर्यंत गेलो होतो. आत गेलो नाही. पण गेलो होतो तिथपर्यंत."

मी खुर्चीवर बसलो. हा हिशेब माझ्या वहीत कुठेच नव्हता.

"तळघर रिकामं केलंय," मी म्हणालो. "घरात थेंब नाही. पुन्हा येणारही नाही. वरच्या खोल्या तशाच आहेत. डार्सीचा एक मोजा राहिलाय."

"डार्सी अजून चिडलेली आहे."

"चिडू दे. तिला सांग फक्त. आणि बाळ झालं की..."

"कळवू," तो म्हणाला. "ते कळवू आम्ही, लायल."

फोन ठेवायच्या आधी मी विचारलं, "आज किती झाले?"

लगेच सांगितलं त्याने. सांगताना आवाज जरा सरळ झाला.

गावजेवणाला जाऊन आलो. रिकाम्या बरणीशेजारी तासभर उभा राहिलो, विचारतील त्यांना पिचकारीची गोष्ट सांगितली. एक वाल ऑर्विलच्या बरणीत टाकला. चार लवंगांची असली तरी बीअर बरी होती.

घरी येऊन वही उघडली. सवयीने वर तारीख आणि तळघराचं तापमान सकाळीच लिहिलेलं होतं, घनतेची जागा कोरी होती. तिथे त्याने सांगितलेला आकडा लिहिला. उद्या एकने वाढवायचा आहे.